मत्स्यव्यवसायांत नेहमींच्या कसबांचा उपयोग

शेतकऱ्याच्या घरांतील चार इयत्ता अधिक शिकलेला मुलगा पुढें काय करतो, हा प्रश्न आपल्या मंडळाच्या सभासदांस नवा नाहीं. कोणी हिशेबाची परीक्षा उतरतो, कोणी औद्योगिक शाळेंत डिझेल इंजिनाचें किंवा शीतयंत्राचें काम शिकतो, कोणी रसायनशास्त्राची पदवी घेतो, आणि मग शहरांतील एखाद्या जागेसाठीं अर्जांवर अर्ज करीत बसतो. घरची जमीन वांटण्या होऊन इतकी लहान झालेली असते कीं, तिच्यावर आणखी एक तोंड पोसण्यास वाव उरत नाहीं. अशा मुलास ‘मत्स्यव्यवसायांत जा’ असें सुचविलें तर तो बहुधा हंसून म्हणतो, “मला होडी वल्हवितां येत नाहीं व जाळें टाकतां येत नाहीं. मी तेथें जाऊन काय करणार?” या प्रश्नास शक्य तितकें सरळ उत्तर द्यावें, एवढ्याचसाठीं प्रस्तुत लेख लिहिला आहे.

थोडक्यांत उत्तर असें कीं, समुद्रांत जाळें टाकणारा मनुष्य हा या धंद्याचा प्राण असला, तरी तो एकटा धंदा चालवीत नाहीं. मासळी पाण्याबाहेर आली कीं त्या क्षणापासून नासूं लागते. ती गिऱ्हाइकाच्या ताटांत पडेपर्यंत तिला बर्फ लागतो, पेटी लागते, गाडी लागते, लिलाव करणारा लागतो आणि या सर्वांचा हिशेब ठेवणारा लागतो. तत्पूर्वीं नौका, इंजिन, जाळें, डिझेल, परवाना व विमा हीं लागतातच. यांपैकीं मासळीचा ठाव ओळखण्याचें व जाळें टाकण्याचें कसब पिढीजात आहे. तें बाहेरच्या मनुष्यास चार दिवसांत येणार नाहीं, व आपणांस तें येतें असा आवही त्यानें आणूं नये. परंतु बाकीचीं बहुतेक कामें आपल्या ओळखीचींच आहेत. दूध-संघांत, सोसायटीच्या कचेरींत, पंपाच्या दुरुस्तीच्या दुकानांत जीं कामें आपण करितों, तींच येथें निराळ्या वेषांत भेटतात.

शेतकरी मंडळानें या विषयाकडे लक्ष देण्यास आणखीहि एक कारण आहे. २०२५ सालच्या एप्रिल महिन्यांत महाराष्ट्र राज्याच्या मंत्रिमंडळानें मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. शेतीप्रमाणेंच वीज, कर्ज व विमा यांच्या सवलती मच्छीमारांस व मत्स्यशेती करणारांस मिळाव्यात, हा त्यांतील हेतु होय. त्यापूर्वीं २०१८-१९ सालींच किसान क्रेडिट कार्डाची सोय या धंद्यास लागू झाली होती. म्हणजे कागदोपत्रीं तरी कोळी व कुणबी आतां एका पंक्तीस बसले आहेत. पंक्तींत पान मांडलें गेलें म्हणून पोट भरत नाहीं. वाढणारे हातहि लागतात. ते हात कोणते, हें आतां क्रमानें पाहूं.

हिशेबनिसाचें काम

मच्छीमारी नौकेची कमाई वांट्यावर चालते. वांट्याची रीत बंदरागणिक निराळी असते. तथापि, मुख्य सूत्र असें कीं, विक्रीच्या रकमेंतून फेरीचा खर्च वजा करावा व उरलेली रक्कम नौकेचा मालक आणि तांडेल व खलाशी यांनीं ठरल्याप्रमाणें वांटून घ्यावी. उदाहरणासाठीं आंकडे कल्पूं. एका फेरींत ५०० किलो मासळी आली व तिचे ८०,००० रुपये झाले. डिझेल ३०,०००, बर्फ ५,०००, शिधा ५,००० व शेंकडा ५ प्रमाणें दलाली ४,०००, असा एकंदर खर्च ४४,००० झाला. उरले ३६,०००. त्यांतील निम्मे, म्हणजे १८,००० नौकेचे. बाकीच्या १८,००० चे सहा वांटे केले. तांडेलास दोन वांटे म्हणजे ६,००० व चार खलाशांस प्रत्येकीं ३,००० मिळाले.

मालक समजतो कीं, आपणांस १८,००० रुपये नफा झाला. येथेंच हिशेबनिसाची गरज आहे. समजा, नौका व इंजिन मिळून १५ लाखांचीं असून तीं १५ वर्षें टिकतील, तर दरसाल १ लाख रुपये झिजेचे धरले पाहिजेत. जाळीं २ लाखांचीं व दोन वर्षें टिकणारीं, म्हणजे त्यांचेहि दरसाल १ लाख. दुरुस्ती दीड लाख, व ८ लाखांच्या कर्जावर दरसाल दरशेंकडा १० प्रमाणें व्याज ८०,०००. एकंदर ४,३०,००० झाले. वर्षांत ४० फेऱ्या होत असतील तर प्रत्येक फेरीवर १०,७५० रुपयांचा बोजा पडतो. खरा नफा १८,००० नसून ७,२५० आहे. आतां डिझेलाचा भाव शेंकडा १० नीं वाढला, तर फेरीचा खर्च ३,००० नीं वाढेल, नौकेच्या वांट्यांतून त्याचे १,५०० जातील व नफा ५,७५० वर येईल. भाव दहावा हिस्सा वाढला, तर नफा पांचव्या हिश्श्यानें घटला! हें ज्याच्या वहींत दिसतें, तो मालक मासळी कमी असलेल्या दिवसांत लांबची फेरी मारण्यापूर्वीं दोनदां विचार करील. ज्याच्याजवळ वहीच नाहीं, तो कर्जांत कां बुडालों हें शेवटपर्यंत न कळतां बुडेल.

दुसरी गोष्ट आगाऊ रकमेची. पुष्कळ बंदरांवर व्यापारी मालकास बिनव्याजी म्हणून उचल देतो. अट एवढीच कीं, सर्व मासळी त्यालाच घालावी. ही उचल बिनव्याजी नसते. व्यापाऱ्यानें ५ लाख रुपये दिले व बाजारापेक्षां किलोमागें १० रुपये कमी भाव लावला, असें समजा. फेरीस ५०० किलो म्हणजे ५,००० रुपये गेले. ४० फेऱ्यांत २ लाख गेले. ५ लाखांवर २ लाख म्हणजे दरसाल शेंकडा ४० व्याज झालें, व मुद्दल जसेंच्या तसेंच उभें! हेंच कर्ज पेढींतून शेंकडा १० नें मिळालें असतें तर ५०,००० रुपयांत काम भागलें असतें. ऊंस किंवा कांदा लावणाऱ्या आपल्या सभासदांस ही रीत अपरिचित नाहीं. पेढीचे कागद तयार करून देणें, नौकेची नोंदणी, परवाना, विमा व डिझेलावरील कराच्या परताव्याचे अर्ज वेळेवर पाठविणें, हें सोसायटीच्या साध्या चिटणीसाचें काम आहे. परंतु तें चोख झालें तर एका घराचे वर्षास दीड लाख रुपये वांचतात.

बर्फ व शीतयंत्र

मासळी किती वेगानें नासते हें उष्णतेवर अवलंबून असतें. शून्य अंशावर ठेवलेल्या मासळीच्या मानानें ५ अंशांवर ती सुमारें सव्वादोन पट व १० अंशांवर सुमारें चौपट वेगानें बिघडते. म्हणून बर्फ हा या धंद्यांत चैनीचा पदार्थ नसून शेतांतील पाण्यासारखा आहे.

किती बर्फ घ्यावा, याचा अंदाज शाळेंतील पदार्थविज्ञानानें काढतां येतो. एक किलो बर्फ वितळतांना ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. मासळीची विशिष्ट उष्णता सुमारें ०.८५ धरली, तर ५०० किलो मासळी ३० अंशांवरून शून्यावर आणण्यास १२,७५० किलोकॅलरी काढून घ्याव्या लागतात, म्हणजे सुमारें १६० किलो बर्फ लागतो. पण हा झाला केवळ मासळी थंड करण्याचा बर्फ. पेटीच्या भिंतींतून, झांकणांतून व नौकेच्या तापलेल्या तळांतून सारखी उष्णता आंत येत असते, तिला तोंड देण्यास आणखी बर्फ हवा. म्हणूनच आपल्यासारख्या उष्ण देशांत मासळी व बर्फ समभाग घ्यावा, असें जाणते लोक सांगतात. पेटीस चांगलें उष्णतारोधक अस्तर असेल तर यांत बचत होते.

ज्यानें शीतयंत्राचें काम शिकलें आहे, त्यास येथें दोन ठिकाणीं जागा आहे. एक बर्फाच्या कारखान्यांत, जेथें अमोनियाच्या योगानें मिठाचें पाणी गोठणबिंदूच्या खालीं थंड करून त्यांत पाण्याचे डबे बुडवितात. दुसरी शीतगृहांत व शीतवाहनांत. दूध-संघाच्या थंड टाकीवर काम केलेला कारागीर हीं यंत्रें पाहून बावरणार नाहीं. मात्र, अमोनिया विषारी आहे. गळती ओळखण्याचा व मुखवटा वापरण्याचा सराव त्यानें प्रथम करावा. तसेंच बर्फ ज्या पाण्याचा करावयाचा तें पिण्याजोगें असावें. घाणेरड्या पाण्याचा बर्फ घातला तर मासळी थंड होईल, पण शुद्ध राहणार नाहीं.

इंजिन व दुरुस्ती

विहिरीवरील पंपाचें किंवा ट्रॅक्टरचें डिझेल इंजिन ज्यास उघडतां व जोडतां येतें, त्यास नौकेचें इंजिन परकें वाटणार नाहीं. भेद आहे तो खाऱ्या पाण्याचा. इंजिन थंड ठेवण्यास समुद्राचें पाणी खेळवितात; त्यामुळें नळ्यांत क्षार बसतो व पाणी ओढणाऱ्या पंपाची रबरी चक्री लवकर झिजते. डिझेलाच्या टाकींत दमटपणानें पाणी सांचतें, म्हणून गाळणी वारंवार पाहावी लागते. निरनिराळ्या धातू खाऱ्या पाण्यांत एकत्र आल्या म्हणजे त्यांतील एक झिजूं लागते. तेव्हां पंखा व सुकाणूचें लोखंड वांचविण्यासाठीं जस्ताचे तुकडे मुद्दाम लावतात, म्हणजे झीज जस्ताची होते. तो तुकडा संपला कीं बदलावयाचा, एवढेंच ध्यानांत ठेवावयाचें. शेतांत पंप बंद पडला तर एक पाणीपाळी चुकते. किनाऱ्यापासून दूर इंजिन बंद पडलें तर पांच-सहा माणसांच्या जिवावर बेततें. या कामांत आळस केवढा महाग पडतो, हें यावरून समजावें.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. हा काळ माशांच्या प्रजननाचा व पावसाळी तुफानांचा. नौका ओढून घेतलेल्या असतात व वर्षाची दुरुस्ती याच दिवसांत उरकावी लागते. शेतांत पेरणीची घाई असणाऱ्या मनुष्यास हा काळ अडचणीचा आहे, हें खरें. परंतु ज्या घरीं दोन भाऊ आहेत, तेथें एकानें नांगर धरावा व दुसऱ्यानें बंदरावर पाना धरावा.

परीक्षक व शिक्षक

१९९७ सालीं युरोपीय संघानें स्वच्छतेच्या कारणावरून भारतांतील मासळीची आयात बंद केली. त्याच वर्षाच्या १८ डिसेंबरपासून अमेरिकेनेंहि मासळीच्या धंद्यासाठीं धोक्याच्या जागा हेरून त्यांवर नियंत्रण ठेवण्याची पद्धति सक्तीची केली. हिलाच हॅसेप असें म्हणतात. कारखान्यांत माल तयार झाल्यावर शेवटीं तपासण्यापेक्षां, माल कोणत्या पायरीवर बिघडूं शकतो तें आधीं ठरवावें, तेथें उष्णता, वेळ किंवा स्वच्छता यांची मर्यादा बांधावी, ती पाळली जाते कीं नाहीं तें मोजून लिहून ठेवावें, आणि मर्यादा ओलांडली तर काय करावयाचें तेंहि आधींच ठरवून ठेवावें, असें या पद्धतीचें सार आहे. त्या घटनेनंतर आपल्या देशांतील मासळीच्या कारखान्यांस पुष्कळ सुधारणा कराव्या लागल्या.

रसायन किंवा सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या मुला-मुलींस येथें काम आहे. एकच उदाहरण देतों. बांगडा, कुपा यांसारखी मासळी उन्हांत पडून राहिली तर तिच्यांत हिस्टामिन नांवाचें द्रव्य तयार होतें. तें एकदां झालें म्हणजे शिजवूनहि नाहींसें होत नाहीं. खाणाऱ्याचें अंग लाल होतें, खाज सुटते व डोकें दुखतें. उपाय औषधाचा नसून वेळीं घातलेल्या बर्फाचा आहे. ही गोष्ट जिला प्रयोगशाळेंत समजली, तिनें ती बंदरावर येऊन टोपली उचलणाऱ्या बाईस सांगितली, तर त्या विद्येचें सार्थक झालें.

शिक्षकाच्या कसबासहि येथें जागा आहे. हैदराबाद येथील इन्कॉइस ही संस्था १९९९ पासून काम करीत आहे. उपग्रहानें मोजलेली समुद्राच्या पृष्ठभागाची उष्णता व पाण्यांतील हरितद्रव्य यांवरून मासळी कोठें सांपडण्याचा संभव आहे, त्याच्या सूचना ती देते. लाटा व वारा यांचे इशारेहि देते. पण अक्षांश-रेखांशांत लिहिलेली सूचना तांडेलाच्या बोलींत, वांवेच्या हिशेबांत व त्याच्या ओळखीच्या खुणांवर आणून सांगणारा कोणी तरी हवा. २०२० सालीं जूनमध्यें निसर्ग व २०२१ सालीं मेमध्यें तौक्ते हीं वादळें आपल्या किनाऱ्यानें सोसलीं. इशारा वेळेवर पोंचणें व तो समजणें यांत किती अंतर असतें, हें किनाऱ्यावरील लोकांस सांगावयास नको.

घरचें शेततळें

समुद्र ज्यांस दूर आहे, त्यांनीं निराश होऊं नये. डॉ. हिरालाल चौधरी यांनीं १० जुलै १९५७ रोजीं अंगुल येथें आपल्या कार्प जातींच्या माशांचें प्रेरित प्रजनन यशस्वी केलें, तेव्हांपासून कटला, रोहू व मृगळ यांचें बीज नदीवर अवलंबून न राहतां मिळूं लागलें. वीस गुंठ्यांचें तळें म्हणजे सुमारें २,००० चौरस मीटर. हेक्टरीं ५,००० बोटुकल्यांच्या मानानें त्यांत १,००० सोडतां येतात. चार भाग कटला, तीन भाग रोहू व तीन भाग मृगळ असें प्रमाण पुष्कळ ठिकाणीं ठेवितात. कटला वरच्या, रोहू मधल्या व मृगळ तळच्या थरांत चरतो. म्हणून एकाच तळ्यांत तिघांचेंहि भागतें.

शेतकऱ्यास जें मोजमाप शेतांत येतें, तेंच येथें चालवावयाचें. समजा, ९०० मासे जगले आहेत व नमुन्यादाखल कांहीं मासे धरून वजन केल्यावर सरासरी २५० ग्रॅम भरली. तळ्यांत २२५ किलो मासळी आहे. वजनाच्या शेंकडा २ प्रमाणें दिवसास साडेचार किलो खाद्य पुरे. नमुना न काढतां अंदाजानें दहा किलो टाकणारा शेतकरी पैसे पाण्यांत टाकतो, आणि तें अक्षरशः. शिवाय उरलेलें खाद्य कुजून पाण्यांतील प्राणवायु खातें. प्राणवायु पहाटेस सर्वांत कमी असतो; त्या वेळीं मासे वर येऊन तोंडें उघडूं लागले तर खाद्य थांबवावें व ताजें पाणी सोडावें किंवा पंपानें पाणी उडवावें. सतत ढगाळ दिवसांत हें विशेष जपावें.

शिक्षण कोठें मिळतें

नुसत्या जुन्या कसबावर कोणी विसंबूं नये. त्याला या धंद्याची थोडी जोड द्यावी. मुंबईस वर्सोवा येथें केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ पासून आहे. रत्नागिरीजवळ शिरगांव येथें दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाचें मत्स्य महाविद्यालय १९८१ सालीं निघालें. कोची येथें १९५७ सालीं स्थापन झालेली मत्स्य-तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था जाळीं, नौका व मासळी टिकविणें या विषयांत काम करते. याशिवाय खरी शाळा म्हणजे बंदर. हर्णे येथें संध्याकाळीं वाळूवर लिलाव चालतो, किंवा मुंबईच्या ससून गोदींत पहाटे मासळी उतरते, तेथें पांच-सात दिवस नुसतें उभें राहून पाहावें. मासळी किती वेळ उन्हांत राहते, बर्फ कधीं संपतो, पावती कोण लिहितो व कोण लिहीत नाहीं, हें ज्यास दिसलें त्यास आपलें काम कोठें आहे तें आपोआप कळेल.

एक सूचना

शेवटीं एक गोष्ट स्पष्ट सांगणें अवश्य आहे. या धंद्यांत बाहेरून शिरणारा मनुष्य आजवर बहुधा दलाल म्हणून शिरला. त्यास लिहितां-वाचतां येत होतें व समोरच्यास येत नव्हतें, एवढेंच त्याचें भांडवल. आपल्या मुलांनीं तोच मार्ग धरला, तर शेतकऱ्यानें ज्याविरुद्ध इतकीं वर्षें तक्रार केली तेंच आपण दुसऱ्याच्या दारांत जाऊन केलें असें होईल. मासळी विकणाऱ्या कोळणीस बाजारभाव कोणाहि पदवीधरापेक्षां अधिक कळतो; तिची जागा घेण्यास जाऊं नये, तिच्या टोपलींत बर्फ टिकेल व तिच्या हातीं हिशेब राहील असें पाहावें. रत्नागिरी जिल्ह्यांत कर्ला येथें १९१३ सालीं मच्छीमारांची सहकारी सोसायटी निघाली. देशांतील या प्रकारची ती पहिली मानली जाते. तेव्हां मार्ग नवा नाहीं. अशा सोसायट्यांस आज चोख वही ठेवणारा चिटणीस, प्रामाणिक कारागीर व धीरानें समजावून सांगणारा शिक्षक हवा आहे. पगार आरंभीं शहराएवढा मिळेलच असें नाहीं. पण काम कायमचें आहे, घराजवळचें आहे, व त्याची गरज रोज सकाळीं नौका किनाऱ्यास लागते तेव्हां डोळ्यांसमोर उभी असते.

असो. हा लेख वाचून एखाद्या सभासदानें आपल्या घरच्या मुलास अर्ज लिहितांना थांबवून, “एकदां बंदरावर जाऊन ये,” एवढें जरी म्हटलें, तरी लिहिण्याचे श्रम सफळ झाले असें समजूं.